घरपट्टीत नसलेला रकाना

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. 2016 च्या महिलादिनी तेथे आजीबाईंची शाळा भरली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून वर्गात येऊन बसल्या. ज्या हाताने जन्मभर शाईचा अंगठा टेकवला, त्याच हाताने पाटीवर स्वतःचे नाव उमटले. परदेशी पत्रकारांनीही या शाळेची दखल घेतली. एका शिक्षकाची तळमळ आणि एका न्यासाची मदत यांतून ती उभी राहिली. पण तो शिक्षक त्या गावी आलाच नसता, तर? आणि मुरबाडपासून हाकेच्या अंतरावर पसरलेल्या महानगरातील आजीने कोणाचे दार ठोठावायचे? कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिशीत नवे काम शिकू पाहणाऱ्या कामगाराने कोठे जायचे? मोबाइलवरून पैसे पाठवताना फसगत होईल म्हणून घाबरणाऱ्या निवृत्ताने कोणाला विचारायचे? पाणी आले नाही तर वॉर्ड ऑफिस असते. शिकायचे असेल तर कोणते ऑफिस, हे आपल्या शहरांत कोणीही सांगू शकत नाही.

जगातील अनेक शहरांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे आणि ते एकमेकांना विचारून शोधले आहे. 2013 मध्ये बीजिंगला झालेल्या परिषदेतून युनेस्कोच्या ‘शिकणाऱ्या शहरां’च्या जाळ्याला आकार आला. हॅम्बुर्ग येथील युनेस्कोची संस्था त्याचे काम पाहते. आज त्यात शेकडो शहरे आहेत. शहराने अर्ज करायचा, आपल्या देशाच्या युनेस्को आयोगाची शिफारस मिळवायची आणि नागरिकांना कोणत्याही वयात शिकता यावे यासाठी आपण काय करणार, हे लिहून द्यायचे, अशी पद्धत आहे. खरा लाभ पुढे असतो. एका शहराने केलेली चूक आणि साधलेली युक्ती दुसऱ्याला कळते.

आयर्लंडमधील कॉर्क शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2004 पासून तेथे दरवर्षी शिक्षणाचा उत्सव भरतो. त्या दिवसांत शहरभर शेकडो कार्यक्रम होतात आणि ते सारे विनामूल्य असतात. पण आठवड्याभराच्या उत्सवावर कॉर्क थांबले नाही. उरलेल्या एकावन्न आठवड्यांचे काय, हा प्रश्न त्या शहराने स्वतःला विचारला. 2015 मध्ये बॅलिफीहान आणि नॉकनाहीनी या दोन वस्त्या निवडून, तेथील लोकांना काय शिकायचे आहे ते आधी त्यांनाच विचारण्याचा प्रयोग सुरू झाला. नगर परिषद, विद्यापीठ आणि प्रौढ शिक्षण देणारी शासकीय यंत्रणा एका टेबलाशी बसल्या. विद्यापीठ वस्तीत गेले. वस्तीला विद्यापीठाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. 2017 मध्ये या जाळ्याची तिसरी जागतिक परिषद कॉर्कमध्येच झाली.

दक्षिण कोरियाने तर कायद्याचाच आधार घेतला. 1999 मध्ये ग्वांगम्यंग शहराने स्वतःला आजीवन शिक्षणाचे शहर म्हणून घोषित केले. कायद्यानुसारच तेथे प्रौढांना शिकवण्याचे नियोजन करणारा प्रशिक्षित, पगारी माणूस असतो. काम उत्साहावर सोडलेले नाही.

आपल्याकडची पहिली तीन नावे 2022 मध्ये या जाळ्यात आली: वरंगळ, त्रिसूर आणि निलंबूर. त्यांत महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते. निलंबूर हे केरळमधील सागाच्या जंगलाशेजारचे, सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे. ते पुढे कसे गेले, याचे एक उत्तर केरळच्या घरपट्टीत सापडते. तेथील ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करावर पाच टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्याकडे 1967 पासून ग्रंथालय कायदा आहे, पण ग्रंथालय कर नाही. घरपट्टीचे बिल उघडून पाहावे. शिक्षण कर दिसेल, रोजगार हमी कर दिसेल. वाचनालयासाठी रकाना नाही. म्हणूनच आपल्या हजारो वाचनालयांचे सेवक तुटपुंज्या अनुदानाची वाट पाहत जगतात.

परदेशाकडून शिकणे मराठी माणसाला मुळीच नवे नाही. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला, अमेरिकन मिशनच्या फरारबाईंच्या संस्थेत. पुढे 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि 1916 मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला आणले. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते, हे महाराजांनी ओळखले होते. मग पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. बॉर्डन 1913 मध्ये परतले, पण काम चालू राहिले. कारण त्यांनी इथलीच माणसे तयार केली होती.

परदेशी शहराशी करार करताना आज नेमके हेच विसरले जाते. करारावर सह्या होतात, अभ्यास दौरे निघतात, स्मृतिचिन्हे येतात. वॉर्डातील बाईला त्यातून काय मिळाले, हे कोणी विचारत नाही. दौऱ्यावर जायचेच असेल तर महापालिकेच्या ग्रंथपालाला, रात्रशाळेच्या शिक्षकाला, बचत गटाच्या ताईला पाठवा. परतल्यावर काम करणारी तीच माणसे आहेत.

राज्यात 29 महापालिका आहेत. 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आहे, गावोगावची वाचनालये आहेत, महापालिकांच्या शाळांच्या इमारती आहेत. त्या इमारतींच्या बहुतेक वर्गखोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात, आणि शिकू इच्छिणारा माणूस त्याच वेळी कामावरून घरी येतो. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक महापालिकेने प्रौढांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करावी, त्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि निदान प्रत्येक प्रभागातील एक शाळा रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. राज्य सरकारने ग्रंथालय उपकराचा प्रस्ताव विधिमंडळात आणावा. युनेस्कोच्या यादीसाठी अर्ज त्यानंतर करावा, आणि त्या अर्जात या उघड्या शाळांची नावे लिहावीत.