रजा कुणाची, शिवार कुणाचं

मराठी प्रवासवर्णनातल्या फ्रान्समध्ये कुणी काम करत नाही. द्राक्षमळे आपोआप वाढतात, कालव्याकाठची झाडं आपोआप रांगेत उभी राहतात, खेड्यातली बेकरी भल्या पहाटे आपोआप उघडते आणि या सगळ्यातून आपला लेखक सायकलवरून जातो. पूर्वी पॅरिस होतं, ‘अपूर्वाई’ होती. आता लोआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, बर्गंडीतली दगडी घरांची खेडी आहेत. दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत हा प्रकार आता चांगला रुळला आहे. त्याचा शेवटचा परिच्छेदही ठरलेला असतो: ‘आपल्याकडे असं का नाही?’ आणि उत्तरही ठरलेलं: आपल्याकडे ती संस्कृती नाही.

हे उत्तर खोटं आहे, आणि ते खोटं असल्यामुळेच हे लेखन कच्चं राहतं, असं माझं म्हणणं आहे.

मी अनुवादक, म्हणून आधी शब्दांकडे बघते. या लेखांमध्ये फ्रेंच गावाभोवतीच्या जमिनीला हमखास ‘निसर्ग’ म्हटलेलं असतं. फ्रेंच माणूस तिला ‘काँपान्य’ म्हणतो आणि नजरेत भरणाऱ्या देखाव्याला ‘पेइझाज’. हा ‘पेइझाज’ आणि शेतकऱ्यासाठी असलेला ‘पेइझां’, दोन्ही शब्द ‘पेई’ म्हणजे मुलूख या एकाच शब्दातून आलेले. त्या भाषेत देखावा आणि शेतकरी सख्खी भावंडं आहेत. मराठीत यासाठी ‘शिवार’ हा नेमका शब्द आहे: गावच्या हद्दीतली, कसलेली, बांध घातलेली जमीन. आमच्या छत्तीसगढीत तिला ‘खार’ म्हणतात. ‘खेत-खार’ ही जोडी रोजच्या बोलण्यातली. असे शब्द हाताशी असताना आपण ‘निसर्गरम्य’ लिहितो, तेव्हा शेतकऱ्याला वाक्यातून बाहेर काढतो. ज्या कानाल द्यु मिदीच्या काठाने सायकल चालवायचं स्वप्न अनेकजण बघतात, तो कालवा १६६६ ते १६८१ या काळात हजारो मजुरांनी खणला. त्यांत बायकाही होत्या. काठावरची सायकलवाट मुळात दोरीने बोटी ओढणाऱ्या माणसांची आणि घोड्यांची वाट. यातलं काहीच निसर्गाने केलेलं नाही.

आता ‘सायकलसफर’ या कल्पनेचं मूळ बघू. फ्रान्समध्ये ‘सिक्लोतुरिझ्म’चा जनक मानला जातो तो पोल द विवी. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा हा रेशमाचा व्यापारी (१८५३–१९३०) राहायचा सांत-एतिएन शहरात. सांत-एतिएन म्हणजे कोळशाच्या खाणी, पोलाद, बंदुका आणि सायकलींचे कारखाने. आमच्या भिलाईची थोरली बहीणच म्हणा. १८८७ पासून त्याने सायकलीला वाहिलेलं नियतकालिक चालवलं आणि गिअर बदलता येणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार केला, कारण चढण साध्या माणसालाही चढता आली पाहिजे. तूर द फ्रान्स शर्यतीत मात्र गिअर बदलण्याच्या या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. शर्यतवाल्यांना वीरपुरुष हवे होते. वेलोसिओला प्रवासी हवे होते. निव्वळ मिरवण्यासाठी पॅडल मारू नये, असं तो आपल्या वाचकांना बजावायचा.

तरीही त्याच्या काळात ही हौस ज्यांच्याकडे मोकळा वेळ होता त्यांचीच राहिली. वेळ सगळ्यांना मिळाला तो संस्कृतीमुळे नव्हे, संपामुळे. १९३६च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधले लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले. लेओं ब्लुमच्या पॉप्युलर फ्रंट सरकारला त्याच जूनमध्ये कायदे करावे लागले: आठवड्याला ४० तास काम आणि वर्षाला १५ दिवसांची भरपगारी रजा. क्रीडा आणि फुरसतीचं खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांजने सुट्टीवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेचं तिकीट ४० टक्के स्वस्त करून घेतलं. त्या उन्हाळ्यात नवरा-बायको एकामागे एक बसून दोघांनी पॅडल मारायच्या टँडेम सायकलवर, मागे तंबू बांधून, गावाकडे आणि समुद्राकडे निघालेली कामगार जोडपी हे त्या कायद्याचं चित्रच होऊन बसलं. मराठी लेखक ज्या वाटेवरून शांतपणे जातो आणि जिला ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो, ती वाट संपकऱ्यांनी कमावलेली आहे.

आपल्याकडे असं का नाही? आधी रजेचं बघू. १९४८चा कारखाना कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा दिली होती. म्हणजे ३०० दिवस काम केलं तर १५ दिवस. कागदावर हा १९३६चा फ्रान्सच आहे. फक्त ती रजा घ्यायला हजेरीपटावर सलग नाव लागतं. ठेकेदार बदलला की हजेरी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि रजा मागणाऱ्याला उद्यापासून येऊ नको असं सांगायला नोटीसही लागत नाही. याच भिलाईत खाजगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांसाठी कायम नोकरी आणि जगण्यापुरतं वेतन मागणाऱ्या शंकर गुहा नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ला झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलैला पावर हाऊस स्टेशनाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली. दोन्ही देशांत मागणी एकाच जातीची होती. तिथे कायदा आला, इथे गोळी आली. यानंतर ‘आपल्या लोकांना फिरण्याची आवड नाही’ असं लिहिणाऱ्याने जरा थांबून विचार करावा.

मग रस्त्याचं. १९९७ साली बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या जागेवर सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी वाट तयार झाली. पुढे अशा वाटा देशभर झाल्या. आमच्याकडेही एक बंद पडलेली लाईन आहे. रायपूर-धमतरी नॅरो गेज, लोकांच्या तोंडी ‘छोटी लाईन’. तिचा रायपूर शहरातला तुकडा काढला, आणि त्या जागी चौपदरी एक्स्प्रेस-वे झाला. संधी तीच, जमीन तशीच, सरकारी मालकीची, सपाट, शहराच्या पोटातून थेट खेड्यांकडे जाणारी. निर्णय वेगळा. सायकलवाट नसणं हा भारतीय स्वभावाचा दोष नाही. एका विशिष्ट टेबलावर एका विशिष्ट फायलीवर झालेली ती सही आहे.

आता सायकलचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातल्या साधारण निम्म्या घरांत सायकल आढळली. छत्तीसगढमध्ये सुमारे ७० टक्के घरांत. नववीत जाणाऱ्या गरीब घरच्या मुलींना इथे सरस्वती योजनेतून सायकल मिळते, आणि धमधा, पाटण, बालोदकडच्या रस्त्यांवर सकाळी त्यांची रांग दिसते. पहिल्या शिफ्टसाठी सहाच्या आत गेटवर पोचायचं म्हणून आसपासच्या गावांतले ठेका कामगार अंधारात निघतात, हँडलला डबा अडकवून. एकेरी १५ किलोमीटर धरा, महिन्याचे २६ दिवस धरा: महिन्याला ७८० किलोमीटर होतात. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही चार वर्षांतून एकदा होणारी, ९० तासांत संपवायची १२०० किलोमीटरची दौड आपल्या पुणे-नाशिक-मुंबईच्या सायकलपटूंना खुणावत असते, आणि ती पुरी करणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. हा कामगार तेवढं अंतर दीड महिन्यात कापतो, पुन्हा पुढच्या दीड महिन्यात कापतो. त्याच्यावर लेख येत नाही. आला तर तो ‘व्यथा’ या सदरात येतो, ‘प्रवास’ या सदरात नाही.

मला खटकतं ते इथे. त्या दौडीत ब्रिटनीतले गावकरी रस्त्याकडेला टेबल मांडून सायकलस्वारांना कॉफी आणि क्रेप देतात. आपले लेखक भारावून जातात आणि लिहितात, काय ही संस्कृती! शिवनाथकाठच्या एखाद्या गावात म्हातारी घागरीतलं पाणी देते, तेव्हा तेच लेखक लिहितात, किती ही साधीभोळी माणसं! तिथे पाहुणचार म्हणजे सभ्यता, इथे भोळेपणा. ही नजर सायकलवर बसूनही बदलत नसेल, तर गाडीच्या काचेतून बघण्यात आणि सायकलवरून बघण्यात फरक काय राहिला?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: कष्टाची सायकल वेगळी, हौसेची वेगळी, प्रत्येक आनंदात राजकारण घुसडू नये. पण आनंद तर १९३६च्या कामगारांनीच मागितला होता. नुसती भाकरी मागून ते थांबले नाहीत. समुद्र बघायचाय, असं म्हणाले. हौस वरच्या वर्गाची आणि कष्ट खालच्या वर्गाचे, ही वाटणी मान्य करणं हेच खरं राजकारण आहे. गेटवर पोचायला सायकल मारणाऱ्याला आठ दिवस बायकोपोरांसह राजनांदगावपर्यंत रमतगमत जावंसं वाटत नसेल, हे कुणी ठरवलं? मुक्तिबोधांनी आयुष्याची शेवटची वर्षं जिथे शिकवलं ते दिग्विजय कॉलेज, तिथला तलाव बघायला दुर्गहून एक सकाळ पुरते. अडचण अंतराची नाहीच.

दुसरा आक्षेप हवामानाचा: मे महिन्यात इथे रस्ता तापतो, फ्रान्सशी तुलना कशाला? खरं आहे. मेमध्ये कुणी जाऊ नये. पण दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत हाच प्रदेश सायकलसाठी उत्तम असतो: सपाट, कोरडा, धान कापणीनंतर मोकळा झालेला. रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं तोडली नाहीत, तर एप्रिलही सोसतो. म्हणजे पुन्हा फाईल आणि सही.

फ्रान्सला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा, चांगलं फिरा, लिहा. पण लिहिताना त्या बेकरीवाल्याला कामाचे तास किती, ती वाट कधी आणि कुणाच्या पैशाने झाली, तिथे भेटलेल्या दुसऱ्या सायकलस्वाराला रजा किती दिवसांची, हे विचारा. फ्रेंच येत नसेल तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारा, लोक सांगतात. संपादकांनीही एवढं करावं: सायकलसफरीवरचा लेख आला की ‘निसर्गरम्य’ या शब्दावर काट मारावी आणि त्या जागी पीक कोणतं होतं, ते लेखकाला विचारावं. आणि परत आल्यावर ‘आपल्याकडे असं का नाही’ हा प्रश्न वाचकाला विचारू नका. तो महापालिकेला विचारा, रस्ते बांधणाऱ्या खात्याला विचारा, आणि ठेका कामगाराच्या हजेरीपटावर ज्याची सही असते त्याला विचारा. उत्तर त्यांच्याकडे आहे.