सोबत की योगायोग?

पेपर तपासताना एकदा दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक शब्दशः सापडली. तांबडी पेन्सिल उचलून कॉपीचा शेरा मारणार, तोच दुसऱ्या गावच्या केंद्राचा गठ्ठा सोडला. तिथेही तीच चूक! एकमेकांचे तोंडही न पाहिलेली मुले कॉपी करतील कशी? चूक गाईडाची होती. मी मुकाट्याने पेन्सिल खाली ठेवली.

हीच सावधगिरी पदार्थविज्ञानातले पंडित पाळतात, हे वाचून मोठी मौज वाटली. जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेत २०१० साली शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडवल्या गेल्या. अशा टकरीतून सूर्याच्या गाभ्याहून लाखपटीने तप्त निखारा निपजतो आणि हजारो कण उधळून तत्क्षणी विझतो. तो मोजायचा कसा?

उधळलेल्या कणांच्या जोड्या पाहून. पायॉन हे कण सत्येंद्रनाथ बोस यांच्या गोत्रातले. बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या गणनपद्धतीनुसार, असे एकाच जातीचे कण जवळजवळ सारख्याच वेगाने, एकाच दिशेने जाताना अधिक आढळतात. निखारा लहान असला, तर वेगात थोडा फरक पडूनही ही सोबत दिसते. मोठा असला, तर अगदी बरोबरीने जाणाऱ्यांतच दिसते. १९५६ साली हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास प्रकाशाच्या अशाच सोबतीवरून मोजला. १९६० साली गोल्डहाबर दांपत्य, ली आणि पेस यांनी पायॉनांच्या सोबतीचे कारण उलगडले.

पण शेजारून जाणारे सारेच सोबती नव्हेत. गर्दीत योगायोगही असतो. म्हणून शास्त्रज्ञ एक कण एका टकरीतला, दुसरा भलत्याच टकरीतला घेऊन, कधीच न भेटलेल्यांच्या जोड्या जुळवतात. खऱ्या जोड्या त्यांच्याशी ताडून जे अधिक उरते, ती सोबत. त्यावरून विझत्या निखाऱ्याची मापे निघाली सहा ते आठ फेमटोमीटरच्या घरात. एक फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग!

एवढ्याशा निखाऱ्याबद्दल बोलण्याआधी ही माणसे दुसरा गठ्ठा सोडून पाहतात. आपण मात्र शेजारचा मुलगा आणि समोरची मुलगी एका बसमधून उतरली, की फराळाच्या ताटावरच निकाल लावून मोकळे! त्या बसमधून आणखी किती जण उतरले, ते कोणी मोजले?