हुकमत नव्हे, विश्वास

हाताखालच्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु जेथे माणसांची बुद्धी हेच भांडवल असते, तेथे त्याचे स्वरूप पालटते. खडी फोडणाऱ्याचे काम मुकादमाला डोळ्यांनी मोजता येते. अभियंत्याच्या मनात कोणती शंका घोळत आहे, हे मात्र त्याने सांगितल्यावाचून वरिष्ठाला कळत नाही. आणि तो बोलेल की गप्प बसेल, हे बहुतांशी वरिष्ठाच्या वागणुकीवर ठरते.

सांगूनही न ऐकल्याचा परिणाम अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानाने जगाला दाखविला. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी इशारा दिला की, थंडीमुळे सांध्यांतील रबरी कडी दगा देतील, सबब उड्डाण करू नये. 'नासा'च्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. तेव्हा कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूस सारून अनुमती दिली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. ज्ञानाची उणीव नव्हती. ते मानण्याची दानत नव्हती.

याउलट उदाहरण आपल्या घरचेच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाची धुरा अब्दुल कलाम यांच्याकडे होती. तथापि पत्रकारांना सामोरे जाऊन अपयशाची जबाबदारी घेतली ती 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० रोजी 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना उभे केले. ही हकीकत पुढे कलामांनीच वारंवार सांगितली.

याचा अर्थ वरिष्ठाने सर्वांच्या कलाने चालावे, असा नव्हे. निर्णय त्याचाच आणि शिस्तही त्याचीच. परंतु चूक कबूल करणाऱ्याला जेथे शिक्षा होते, तेथे चुका थांबत नाहीत. त्या केवळ दडविल्या जातात. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांत, बँकांत आणि विद्यापीठांत आजही रात्री उशिरापर्यंत बसणे म्हणजे निष्ठा आणि मान डोलावणे म्हणजे कार्यक्षमता, असा समज आढळतो. तो घातक आहे.

प्रत्येक वरिष्ठाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात 'साहेब, हे चुकते आहे' असे आपल्याला कोणी सांगितले काय? कोणीच सांगितले नसेल, तर सर्व आलबेल आहे असे त्याने समजू नये. माणसांनी त्याला सांगणे सोडून दिले आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकेल.