सुंदर अक्षरातली चार पत्रं

पालम तालुक्यातल्या एका मुलाची चार पत्रं माझ्या टेबलावर आहेत. वर्षाला एक, अशी चार वर्षांची. आखीव कागद, निळं बॉलपेन, ओळीवर नीट बसवलेली गोल अक्षरं. मजकूर थोड्याफार फरकाने तोच: मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल, यंदा पाऊस चांगला झाला, मी मन लावून अभ्यास करतो, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. त्याचा खर्च उचलणाऱ्या कुटुंबाला गेलेल्या पत्रांच्या या झेरॉक्स. प्रत्येकीमागे वार्षिक अहवालाचा फॉर्म टाचलेला, आणि त्यात 'अभ्यासातील प्रगती'पुढे एकच शब्द, 'समाधानकारक'.

मुलगा आता सातवीत आहे. गेल्या जूनपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं.

संस्थेच्या केंद्रावर नव्याने आलेल्या ताईंनी त्याचंच शेवटचं पत्र त्याच्या हातात दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. फक्त बोट 'पाऊस'वर होतं तेव्हा तोंडात 'अभ्यास' होता. ताईंनी वरच्या दोन ओळी तळहाताने झाकल्या आणि खालचा एकच शब्द विचारला. तो गप्प झाला आणि शर्टाचं शेवटचं बटण पिळत बसला. आपण नकाशा उतरवतो तशी चार वर्षं त्याने फळ्यावरची अक्षरं उतरवली होती, आणि हात चांगला असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

मी स्वतः या कामात उमेदवारी करत होते तेव्हा असंच केलं आहे. पत्रं पाठवायची तारीख जवळ आलेली असायची, चाळीस मुलं, एक दुपार. फळ्यावर नमुना लिहायचा, नाव आणि गाव ज्याचं त्याने घालायचं. खाडाखोड झाली तर कागद बदलून द्यायचा. ज्या मुलांना खरोखर काही सांगायचं होतं त्यांचं त्या दुपारी राहून गेलं, आणि ज्यांना लिहिताच येत नव्हतं ती मुलं झाकली गेली. त्यांतली दोन-तीन नावं मला आजही आठवतात. म्हणून या अंकाचं संपादकीय मागे पडलेल्या मुलाविषयी आहे, आणि त्याच्याविषयी आपण कागदावर काय लिहितो याविषयी आहे.

प्रायोजकत्वाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या सभासदांनी दहा वर्षं वार्षिक वर्गणी द्यायचं कबूल केलं, आणि त्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन ही मुलींची आणि विधवांची शाळा उघडली. एका मुलाला एक प्रायोजक, त्याचा फोटो, त्याचं पत्र, हे आजचं रूप मात्र विशेष पसरलं ते कोरियातल्या युद्धाच्या सुमारास. वर्ल्ड व्हिजन ही संस्था १९५० ची, कम्पॅशन १९५२ ची. दोघींच्याही सुरुवातीच्या प्रायोजकत्वाच्या केंद्रस्थानी तिथली अनाथ मुलं होती.

या पद्धतीने मुलाचं खरंच भलं होतं का, याचा धडपणे अभ्यास झाला तो फार उशिरा. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर माणसांची माहिती जमवून कम्पॅशनच्या कामाचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी प्रायोजकत्व मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि मोठेपणी पगारी नोकरीत असण्याचं त्यांचं प्रमाणही जास्त होतं. या अभ्यासाचा दाखला देणगीच्या पत्रकांतून पुष्कळ दिला जातो. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट सहसा सुटते. या कार्यक्रमातली मुलं शाळा सुटल्यावर आठवड्याला साधारण आठ तास स्थानिक ख्रिस्ती मंडळीच्या केंद्रावर असत, आणि तिथे त्यांना नावाने ओळखणारी मोठी माणसं असत. त्याच गटातल्या काहींनी पुढे इंडोनेशियात मुलांना स्वतःची चित्रं काढायला लावून अभ्यास केला, तेव्हा प्रायोजकत्व असलेल्या मुलांच्या चित्रांत आशेच्या खुणा जास्त दिसल्या. फी आणि दप्तर यांनी तेवढं होत नाही. ते आठ तास कोणीतरी त्या मुलासोबत बसलेलं असतं.

आता पालमच्या मुलाचे आठ तास कुठे जात होते ते पाहू.

पालम हे गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. पूर्वी गंगाखेड तालुक्यातच होतं. उत्तरेला गोदावरी आहे, पण बरीचशी शेती पावसावर. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट बंद होते आणि केंद्र आपोआप सुटतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. या मुलाचे वडील वारले तेव्हा तो दुसरीत होता. तेव्हापासून आई भावाच्या सोबतीने 'अर्धा कोयता' म्हणून जाते. पहिली दोन वर्षं तिने त्याला फडावर नेलं, धाकट्या बहिणीला सांभाळायला. अक्षरं जुळवायला शिकायची तीच दोन वर्षं होती. पुढे तो आज्जीकडे राहू लागला, शाळेत नाव होतं, हजेरीही बरी होती. नापास करून कोणी मागे ठेवलं नाही, त्यामुळे वर्ग पुढे सरकत गेले. केंद्रावर तो शेवटच्या रांगेत, दंगा न करणारा, सतरंजी झटकून ठेवणारा, प्रार्थनेत डोळे मिटून बसणारा. असा मुलगा कोणाच्याच यादीत 'अडचणीतला' म्हणून येत नाही.

ताईंनी पहिलं काम केलं ते हे की त्याला सातवीचं पुस्तक देणं बंद केलं. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या तपासणीत असतात तसे साधे टप्पे घेतले: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तो अक्षरांवर होता, त्यातही जोडाक्षरं शून्य. तिसरीतल्या मुलांबरोबर बसवलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी आला नसता, हे त्यांनी ओळखलं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी त्या त्याच्या घरी जाऊ लागल्या. ओट्यावर बसून, बकऱ्या आत बांधून झाल्या की. पहिल्या गुरुवारी आज्जीने विचारलं, "बाई, ह्यानं काय केलं? कामून आलाव तुम्ही?" मुलाच्या घरी संस्थेचं माणूस आलं म्हणजे तक्रारच असणार, असं त्या म्हातारीला वाटलं. हे वाटणं आपणच कमावलेलं आहे. घरभेटीच्या नोंदवहीत आपल्या किती भेटी तक्रारीविना असतात ते एकदा पानं उलटून पाहावं.

काय वाचायचं हा प्रश्न होता. गोष्टींची पुस्तकं त्याने हातात धरली आणि परत दिली. मग एका संध्याकाळी आज्जीने पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. मुकादमाच्या हिशेबाची, गेल्या तीन हंगामांची. उचल, खाडे, फेड, बाकी. खाड्याचे पैसे कापलेले. घरात कोणालाच ती वाचता येत नव्हती. मामा अंगठा देऊन यायचा. मुलाने त्या वहीत पहिला शब्द स्वतःहून वाचला तो 'बाकी'. पुढचे सहा-सात आठवडे ती वही हेच त्याचं पाठ्यपुस्तक होतं. 'खाडे' वाचताना त्याने विचारलं, माय आजारी होती तेव्हाचे हे का? ताईंकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी तारीख वाचायला लावली. तारखेवरून त्यानेच ताडलं, की हो, त्याच आठवड्यातले.

हा प्रसंग मी लिहिते आहे तो वाचनाच्या तंत्रासाठी नाही. वीस गुरुवार त्याच ओट्यावर बसल्याशिवाय ती पेटी उघडली नसती.

याच भेटींमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. वडील नसलेल्या या मुलाला शासनाच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळू शकत होते, आणि चार वर्षं कोणी अर्जच केला नव्हता. आपल्या यादीत नाव आहे म्हणजे त्याचं भागलं, असं आपण धरून चाललो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं पासबुक आणि परभणीला बालकल्याण समितीपुढे एक फेरी, एवढं काम. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही प्रायोजकत्वाची तरतूद आहे आणि मिशन वात्सल्यमधून पात्र मुलाला दरमहा ४००० रुपयांपर्यंत मिळतात. टोळीच्या हंगामात गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिथे या मुलाचं नाव घालायला शाळेतल्या सरांनी एका भेटीत होकार दिला. आपल्या संस्थेचा पैसा हा मुलाच्या हक्काच्या पैशाला पर्याय होता कामा नये. तो थांबू शकतो. कम्पॅशनला परदेशी निधीसाठी पूर्वपरवानगीची अट लागली आणि २०१७ च्या मार्चमध्ये तिचं भारतातलं काम बंद झालं, तेव्हा देशभरातल्या जवळपास दीड लाख मुलांची मदत एकदम थांबली. त्या वेळी ज्या मुलांची सरकारी कागदपत्रं कोणी करून ठेवली होती त्यांना निदान दुसरा दरवाजा ठोठावता आला.

आता पत्राकडे परत येते. ताईंपुढे प्रश्न होता की यंदा प्रायोजकाला काय लिहायचं. 'समाधानकारक' लिहिणं आता शक्य नव्हतं. 'मुलाला वाचता येत नाही' असं लिहावं तर आधीचे चार अहवाल खोटे ठरतात आणि संस्थेची पत जाते, असं कार्यालयातल्यांना वाटलं. बैठकीत यावर बराच वाद झाला. मला ताईंची बाजू पूर्ण बरोबर वाटते. देणारा माणूस मुलासाठी देतो. मुलाची खरी स्थिती त्याच्यापासून लपवली तर आपण मुलाच्या वाट्याची काळजीही लपवून ठेवतो. आणि दर वर्षी चांगलंच लिहायचं असेल, तर हळूहळू आपण ज्यांच्याविषयी चांगलं लिहिता येईल अशाच मुलांकडे लक्ष देऊ लागतो. हे कोणी ठरवून करत नाही, पण होतं. शेवटच्या रांगेतला मुलगा त्यातूनच तयार होतो.

अखेर अहवालात साध्या भाषेत लिहिलं गेलं: मुलाची जूनमध्ये अक्षरओळख अपुरी होती, हे आमच्या लक्षात उशिरा आलं, याबद्दल दिलगीर आहोत, आता तो शब्द वाचतो. घरी बकऱ्या आहेत आणि त्या तोच राखतो, हेही ताईंनी लिहिलं. प्रायोजक कुटुंब नगरचं आहे. त्यांचं उत्तर आलं, त्यात रागाचा शब्द नव्हता. मुलासाठी एक वेगळी चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरात: बकऱ्या किती आहेत? त्याने फळा न बघता उत्तर लिहिलं. 'बकर्‍या सात हायत. एक गाभन हाय.' ताईंनी त्यातलं काही दुरुस्त केलं नाही.

श्रद्धेविषयीही इथे बोललं पाहिजे, कारण आपले अनेक वाचक ख्रिस्ती संस्थांमध्ये काम करतात. शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवावी असं मला कधीच वाटलं नाही. पण मुलाच्या पोटाची आणि फीची सोय आपल्या हातात असते तेव्हा त्याची प्रार्थना खरोखर त्याची आहे का, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. पालमच्या या मुलाला कोणी तरी सांगितलं होतं की नीट प्रार्थना केली नाही तर नाव कटेल. सांगणारा केंद्राचा माणूस नव्हता, दुसरा मुलगा होता. तरी चार वर्षं त्याने ते खरं मानलं. ताईंनी त्याला स्पष्ट सांगितलं की नाव कटणार नाही. प्रभू येशूवर प्रेम असलेल्या कार्यकर्त्याने मुलाच्या मनातली ही भीती आधी काढावी, पवित्र शास्त्र नंतर उघडावं, असं मी आपल्या प्रशिक्षणवर्गांतून सांगत आले आहे. काही पाळकांना ते पटत नाही. तरी मी सांगत राहणार.

राहिला प्रश्न ताईंचा. त्यांचं मानधन वर्षातले दहा महिने मिळतं आणि करार मार्चमध्ये संपतो. टोळ्या परततात त्याच सुमाराला. आई घरी येईल, वही उघडेल, आणि नेमकं तेव्हा ओट्यावर बसणारं माणूस नसेल. आपल्या क्षेत्रात मुलाला मिळालेली माणसं अशीच बदलत राहतात. काही मुलांच्या फाइलींवर सहा वर्षांत पाच कार्यकर्त्यांच्या सह्या मी पाहिल्या आहेत. संस्थांनी अंदाजपत्रक करताना वह्या-दप्तरांआधी कार्यकर्त्याचं बारा महिन्यांचं मानधन धरावं, ही मागणी या मासिकाने पूर्वीही केली आहे आणि आज पुन्हा करते आहे. ताई मात्र त्या मागणीची वाट पाहत थांबलेल्या नाहीत. गेल्या तीन गुरुवारांपासून त्या पाळकांच्या पत्नीला सोबत घेऊन जातात. पहिल्या दिवशी मुलगा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना बकऱ्यांची नावं सांगितली. तिसऱ्या गुरुवारी ताई मुद्दाम अर्धा तास उशिरा पोचल्या, तेव्हा वही उघडलेली होती.