सोंगाड्या कुणाला हसतो?

‘गाढवाचं लग्न’ या वगातला सावळ्या कुंभार राजदरबारात पोचतो, तेव्हा खरी पंचाईत राजाची होते. इंद्राच्या शापानं गाढव झालेला गंधर्व कुंभाराच्या दारी येतो आणि राजकन्येशीच लग्न लावून द्या म्हणून हटून बसतो. ही मागणी घेऊन दरबारात जायचं ते कुंभारानं. हरिभाऊ वडगावकरांचा हा वग गाजवला मावळातल्या इंदोरीच्या गजानन सरोदे यांनी. महाराष्ट्र त्यांना दादू इंदुरीकर म्हणून ओळखतो. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८० मध्ये ते गेले. पुढे मकरंद अनासपुरे यांचा सावळ्या पडद्यावर आला, त्यामुळे आजच्या पिढीलाही कथा ठाऊक आहे. पण दादूंचा वारसा म्हणजे ती कथा नव्हे. गावाकडचा माणूस मंचावर आला की हसू कुणावर फुटायचं, याचा त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या तमाशातल्या सोंगाड्यांनी घालून दिलेला दंडक हा खरा वारसा आहे. अंगावर फाटकं धोतर असलेला माणूस हसवतो, आणि हसं होतं ते मुकुटवाल्याचं.

हा दंडक जगभर पाळला गेलेला नाही. अमेरिकेत कॅल स्ट्युअर्ट या नटानं १८९७ च्या सुमारास ‘अंकल जॉश’ नावाचा खेडवळ म्हातारा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला तो अगदी सुरुवातीचा ग्रामीण विनोदवीर. न्यूयॉर्कला आलेला हा म्हातारा शहरातली यंत्रं, हॉटेलं, गर्दी पाहून बावचळतो, आणि त्याच्या गोंधळावर घरोघरी लोक हसतात. जॉश अधूनमधून शहरी लबाडीलाही चिमटे काढतो, हे मान्य करायला हवं. तरी विनोदाचा मुख्य आधार त्याचं अडाणीपणच. शिवाय एका नळकांड्यात जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची, आणि कर्ण्यासमोर प्रेक्षक नसायचे. स्ट्युअर्ट स्वतःच हसायचा. ते हसणंच त्याची ओळख झालं.

तमाशातली बतावणी, म्हणजे सरदार आणि सोंगाड्याची जुगलबंदी, अशा नळकांड्यात मावणारी नाही. गण झाला, गवळण झाली की सरदार पुढे येतो आणि ऐटीत बोलायला लागतो. सोंगाड्या त्याचा प्रत्येक शब्द मुद्दाम उलटा घेतो. सरदार चिडतो, पुन्हा समजावतो, पुन्हा फसतो. ढोलकीवाला नेमक्या जागी थाप देतो, मागचे झीलकरी हुंकार भरतात, आणि तेवढ्या उसंतीत सोंगाड्या समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. रेशन, निवडणूक, गावचा सावकार, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले पुढारी, सगळे त्या तडाख्यात सापडतात. वसंत सबनिसांची संहिता हाताशी असूनही दादा कोंडक्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजवलं ते याच हजरजबाबीपणावर. कोंडके मुंबईतल्या नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरातले. शहरात वाढलेल्या या माणसानं गावाकडची बोली वापरली ती तिच्यातला धारदारपणा ओळखून. आज टीव्हीवरच्या कित्येक प्रहसनांत मात्र बोलीतला नुसता हेलच हशा मिळवून देतो. पात्र ‘व्हय’ म्हणालं की टाळी. ते पात्र काय म्हणतंय याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ही दादूंची परंपरा म्हणून खपवली जाते, तेव्हा मला संताप येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की तमाशा तरी कुठे स्वच्छ होता? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं त्यावर बंदी आणली होती. ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. चावटपणा होता, यात शंका नाही. गवळणीतल्या मावशीवरचे किंवा बायकोवरचे काही विनोद आज ऐकवणार नाहीत, आणि ते जसेच्या तसे जपावेत असं मी म्हणणार नाही. पण सत्तेला ज्याची धास्ती वाटावी असं तमाशात चावटपणापलीकडेही बरंच होतं. ज्यांना गावच्या चावडीवर बसायची मुभा नव्हती, त्या जातींतले कलावंत कनातीत उभे राहून पाटलाची टर उडवत होते. चावट म्हणून अख्खा प्रकार निकालात काढला, तर हेही त्याबरोबर जातं.

दुसरा आक्षेप आपल्याच शहरातला आहे. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषक शहरात वग पाहायला कोण येणार? तमाशाला मुंबईत जीव दिला तो गिरणगावानं. लालबागच्या हनुमान थिएटरात घाटावरचा आणि कोकणातला कामगार एकत्र बसायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि तिथली मराठी कुटुंबं विरार, डोंबिवली, भाईंदरकडे सरकली. त्यांची मुलं-नातवंडं इथेच आहेत. उत्तन-राईच्या गावांतल्या आगरी-कोळी मंडळींना तर ठसकेबाज बोली आणि तिच्यातली खोच कुणी समजावून सांगायला नको. गुजराती भवई पाहिलेल्या शेजाऱ्यालाही सोंगाड्या परका वाटणार नाही. भवईतला रंगलो त्याचाच भाऊबंद.

मीरा रोडला २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह सुरू झालं. महापालिकेनं त्याच्या पावसाळ्यातल्या काही तारखा तमाशा फडांना नाममात्र भाड्यात द्याव्यात, अशी माझी मागणी आहे. पावसाळाच का, तर फडांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा संपल्या की संपतो. त्यानंतर कनात गुंडाळलेली असते आणि कलावंत रिकामे असतात. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत हातात पैसा नसतो. नेमक्या या दिवसांत त्यांना पक्कं छप्पर हवं आहे. त्याच प्रयोगांचं ध्वनिचित्रमुद्रण व्हावं, आणि ते प्रेक्षकांसह, त्यांच्या शिट्ट्या-टाळ्यांसह व्हावं. बतावणी संपूर्ण घ्यावी, वेळेसाठी कापू नये. पहिल्या रांगेत नगरसेवकांना बसवावं आणि सोंगाड्याला त्यांच्यावर बोलायची पूर्ण मोकळीक असावी.