दारातला टेम्पो आणि घरची निगा

वाचकहो, आपल्या वस्तीत एके काळी कुणाच्या दारात नवी सायकल आली तरी पोरे गोळा होत. आज धामापूर, चौके, कट्टा या भागात फिरताना आपल्याही काही तरुणांच्या दारात डिझेलचा पिकअप टेम्पो उभा दिसतो. चिरे, नारळ, हंगामात आंब्याच्या पेट्या, मालवणची मासळी, मिळेल ते भाडे तो मारतो. आम्हांस याचा अभिमान वाटतो. परंतु आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. आनंदासोबत हिशेबही मांडतो. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या. गाडी चालो वा बंद पडो, हप्ता काही थांबत नाही. ऐन आंब्याच्या दिवसांत ती चार दिवस गॅरेजमध्ये पडली, तर त्या महिन्याचा हप्ता घरातल्या बाईच्या गळ्यातून निघतो. म्हणून गाडीची रोजची निगा घरीच करायला शिका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी इंजिन कसे चालते ते आधी समजून घ्या. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी यात नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तेव्हा या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, पाणी नसलेले डिझेल आणि चांगले ऑईल.

हवेचे म्हणाल, तर चिरेखाणीची तांबडी धूळ ही आपल्याकडची मोठी वैरीण. एअर फिल्टर वरचेवर उघडून बघा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. हलकेच झटका, फारच भरला असेल तर नवा टाका. डिझेलचे म्हणाल, तर पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी धरते. ते पाणी आत गेले तर पंप आणि इंजेक्टर खराब होतात, आणि त्यांचा खर्च ऐकूनच घाम फुटतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असल्यास इंजिन बंद ठेवून तो सैल करा, पाणी जाऊ द्या, निव्वळ डिझेल आले की घट्ट करा. शक्यतो रात्री टाकी भरलेली ठेवा.

ऑईल रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना, चालू करण्यापूर्वी बघावे. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ते हवे. बदलायचे किलोमीटर आणि ऑईलचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेत असतो; दुकानदार देईल ते ओतू नका. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरकडे काजळी अडविणारी जाळी असते. चुकीच्या ऑईलने ती तुंबते. ऑईल बदलताना ऑईल फिल्टरही बदला. नव्या फिल्टरच्या रबरी वायसरला थोडे ऑईल लावून तो हातानेच आवळा.

मासळीची वाहतूक करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हौद्यातून गळणारे खारे पाणी चासी खाते. त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने गाडी धुवा. पाट्याच्या पिनांना आणि जॉइंटना पुस्तिकेप्रमाणे ग्रीस मारा. गंज चढू नये म्हणून जुने काळे ऑईल चासीला फासण्याची रीत आहे, ती सोडा. त्या ऑईलने रबरी बुश फुगतात आणि पहिल्याच पावसात ते रस्त्यावर उतरते. गंजरोधक रंग मारून घेणे बरे. टायरची हवा, चाकांचे नट, कुलंट, ब्रेक ऑईलची पातळी आणि बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी बघणे ही पाच मिनिटांची कामे आहेत.

मात्र धाडस आणि आडदांडपणा यांतला फरक ओळखा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाकांना ओट लावा, चासीखाली भक्कम स्टँड द्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. ब्रेकची उघडझाक, इंजेक्टर आणि वायरिंग ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच.

आता निघालेल्या काळ्या ऑईलचे काय? कित्येक जण ते गटारात नाहीतर माडाच्या बुंध्याशी ओततात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल हा घातक कचरा आहे. धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला. २०२० साली सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याचा गौरव झाला. आणि पाण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवावे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी आपले वाडवडील बाबासाहेबांबरोबर उभे राहिले. त्या पाण्याची लेकरे विहिरीत आणि तलावात काळे ऑईल झिरपू देणार नाहीत. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोहोचेल अशा गॅरेजमध्ये द्या.

शेवटची गोष्ट शंभर पानी वहीची. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे गेले, चार रकाने आखा. विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या तारखा पहिल्या पानावर लिहा. वही घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे द्या, आणि तिलाही पट्टी काढून ऑईल बघायला शिकवा. गाडी विकताना ही वही दाखविली, तर गिऱ्हाईकही विश्वासाने भाव करते.

हाताला काळे लागते म्हणून कुणी या कामाला हलके समजू नये. आपल्या गाडीचे, आपल्या हिशेबाने, आपल्या समजुतीने केलेले काम आहे ते. येत्या रविवारी दारातल्या टेम्पोचे बॉनेट उघडाच.

जयभीम!