गच्चीवरची धूळ आणि आकाशातला डोळा

उन्हाळ्यात कुरडया घालायच्या तर आमच्या जुन्या जालन्यात पहाटेच गच्ची धुवावी लागते. चीक सोऱ्यात भरण्याआधी आई अंथरलेल्या चादरीवरून बोट फिरवायची. बोट काळं निघालं की काही न बोलता चादर झटकायची. आता तेच माझी सून करते.

‘जालना सोने का पालना’ ऐकतच आम्ही वाढलो. पुढे लोखंडी सळयांनी या गावाला जगवलं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी चुली औद्योगिक वसाहतीतल्या पगारावर पेटतात, तेव्हा भट्ट्यांना शिव्या घालण्याचा कृतघ्नपणा माझ्याने होणार नाही. पण त्यांतून हवेत नेमकं जातं किती, असं विचारलं की ‘थोडंफार जायचंच’ एवढंच उत्तर मिळतं.

इंजिनिअर असलेला माझा भाचा म्हणाला, ‘‘मामा, हे आता आकाशातून मोजतात.’’ ते खरं आहे. युरोपीय अवकाश संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रहावर ‘ट्रोपोमी’ नावाचं उपकरण आहे. रोज दुपारी दीडच्या सुमारास ते आपल्या डोक्यावरून जातं. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातले ठराविक रंग नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू गिळतात. कोणता रंग किती कमी झाला, यावरून वायू किती ते कळतं. मग वारा किती वेगाने वाहतो आणि तो वायू किती तास टिकतो, हे हिशेबात धरायचं. हौदातलं पाणी आणि त्याची गळती ठाऊक असली, की नळ किती सुटला आहे हे सांगता येतं, तसंच हे. अशाच मोजणीतून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की सल्फर डायऑक्साइड सोडण्यात भारत चीनला मागे टाकू लागला आहे. शिवाय ही माहिती कुणालाही फुकट पाहता येते. त्यासाठी कुठल्या साहेबाची सही लागत नाही.

मीही हरखलो होतो. पण जालन्यापुरता विचार करू लागलो तसा उत्साह जरा ओसरला. या उपकरणाचा एक चौकोन साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन रुंद. कुंडलिकेच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव त्यात एकमेकांत मिसळून जातं. पावसाळ्यात ढग आड येतात. आणि दुपारी दीडला पाहणाऱ्याला रात्री दोनची भट्टी कशी दिसणार?

त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. सळयांसाठी भंगार वितळवणाऱ्या इथल्या भट्ट्या मुख्यतः विजेच्या. त्यांतून निघते ती भंगाराचा रंग, तेल, गंज आणि जस्त यांची बारीक धूळ. उपग्रहाला धुळीचा धूसरपणा दिसतो. पण ती नाकाशी आहे की दोन किलोमीटर वर, भट्टीची आहे की नांगरलेल्या रानाची, हे त्याला एकट्याने सांगता येत नाही. उलट या विजेसाठी कोळसा जळतो तो चंद्रपूर, परळीसारख्या ठिकाणी. तिथला वायू मात्र त्याला स्वच्छ दिसतो. म्हणजे आमच्या सळईचा धूर चंद्रपूरकरांच्या खात्यावर आणि धूळ कुणाच्याच नाही!

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत जालना आहे. धूळ कमी करायची तर आधी ती किती निघते हे कळायला नको का? माझ्या मते उपग्रहाच्या आकड्याशेजारी विजेच्या मीटरचा आकडा ठेवावा. एक टन भंगार वितळवायला साधारण ५०० ते ७०० युनिट लागतात. म्हणजे बिलावरून टनांचा अंदाज येतो. दर टनामागे धूळ किती उठते आणि धूर गाळणाऱ्या पिशव्यांत किती सापडते, हे वजनकाट्यावर पाहता येईल. उरलेली गेली कुठे, ते आमच्या घरच्या चादरीला विचारा.

हे आकडे दर महिन्याला गांधी चमनच्या चौकात फळ्यावर लिहावेत. आणि धूळ मोजणारं एखादं यंत्र जुन्या जालन्यातल्या वस्तीत, घरांच्या गच्चीइतक्या उंचीवर बसवावं. रात्रीही चालू राहणारं.